वाट पाहायला लावणाऱ्यांनो, एवढं तरी सांगा

"जरा धीर धर" हा सल्ला मला दिवसेंदिवस जास्त खटकायला लागलाय. तपासणीचा रिपोर्ट यायचाय, मुलाखतीचं काय झालं ते कळायचंय, घरचं माणूस रात्रीच्या प्रवासात आहे आणि फोन लागत नाहीये. दर वेळी धीर धरायचा तो वाट पाहणाऱ्यानेच. ज्याच्यामुळे थांबावं लागतंय त्याला कुणी काही विचारत नाही.

मार्शमेलोचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. मुलासमोर एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड खाऊ, ठेवायचा आणि सांगायचं, मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन मिळतील. त्यावरून मुलांच्या संयमाबद्दल भरपूर बोललं जातं. मानसशास्त्रज्ञ सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्यांनी मुलांना आधी चित्र काढायला बसवलं आणि याहून चांगलं साहित्य आणून देतो असं कबूल केलं. काहींना ते मिळालं, काहींना "सॉरी, नाहीये आमच्याकडे" असं ऐकावं लागलं. मार्शमेलो आला तो यानंतर. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. बाकीची जेमतेम ३ मिनिटं.

त्या ३ मिनिटांवाल्या मुलांना अधीर कोण म्हणेल? त्यांनी समोरच्या माणसाला बरोबर ओळखलं होतं.

मोठ्यांचंही असंच असतं. ज्याने आजवर सांगितलेली वेळ पाळली, त्याच्यासाठी तासभर थांबतानाही काही वाटत नाही. आणि "पाच मिनिटांत आलोच" म्हणून कधीच न येणाऱ्यासाठी पहिल्या मिनिटापासून चिडचिड सुरू होते.

वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही बाहेर बसलो होतो. सांगितलेली वेळ कधीच उलटून गेली होती. दार उघडलं की आम्ही सगळे उठून उभे राहायचो, येणारा माणूस आमच्याकडे न बघता निघून जायचा, आम्ही पुन्हा बसायचो. ऑपरेशन उशिरा सुरू झालं होतं, बाकी सगळं ठीक होतं. हे एक वाक्य बाहेर येऊन सांगायला कुणाला किती वेळ लागला असता? आई त्या दिवशी जे काही सोसत बसली होती, त्यातलं निम्मं तरी टळलं असतं. त्याचा राग मला आजही येतो.

व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्येच रांगांबद्दल लिहून ठेवलंय की कारण न सांगता थांबवलं, किंवा किती थांबायचं ते सांगितलं नाही, की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. २०१६ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी तर लोकांना हाताला विजेचे हलके झटके देऊन ताण मोजला. झटका बसणारच हे माहीत असताना ताण कमी होता. बसेल की नाही याची शक्यता अर्धी-अर्धी असताना तो सगळ्यात जास्त होता. म्हणजे वाईट बातमीसुद्धा माणूस पेलतो, टांगणीला लागलेला जीव पेलवत नाही.

आणि वाट पाहण्यात सुखही केवढं असतं! सहलीची तारीख ठरली की बॅग भरायच्या कितीतरी आधीपासून मन तिकडे हिंडून येतं. बाळ येणार असलेल्या घरात महिनोनमहिने नावांवरून गोड भांडणं चालतात. इथे कुणी कुणाला धीर धरायला सांगत नाही, कारण येणारं येणार आहे हा भरवसा असतो.

म्हणून ज्यांच्या हातात दुसऱ्याचं थांबणं आहे त्यांच्याशी मला बोलायचंय. डॉक्टर, मुलाखत घेणारे, अर्जावर सही करणारे, दुरुस्तीला घेतलेली वस्तू ठेवून बसलेले, सगळेच. उशीर होतो, कामं अडतात, ते समजू शकतं. पण निर्णय झाला नसेल तर "अजून ठरलं नाही, शुक्रवारी कळवतो" एवढं सांगा. आणि शुक्रवारीही ठरलं नसेल, तर तेच सांगायला शुक्रवारी फोन करा.