अस्मान शब्दाचा अर्थ कसा सांगावा (डिक्शनरी न उघडता)

व्युत्पत्तीतज्ज्ञ व्हायचंय ना? मग आधी घरातली डिक्शनरी माळ्यावर टाका आणि शब्द घ्या अस्मान. जुना आहे, आकाशाचा आहे, मुख्य म्हणजे तुकडे मस्त पडतात. अ + समान, म्हणजे ज्याच्यासारखं दुसरं काही नाही ते. झालं! 'स' अर्धा का, असं कुणी विचारलंच तर "कालौघात उच्चार बदलतात" म्हणायचं, हे वाक्य कुठंही बसतं.

याहून भारी हवं असेल तर आमच्या फॅमिली ग्रुपवर आलेलं घ्या: आपण आस लावून मान वर करतो, म्हणून आसमान. खाली तीन नमस्कार आणि एक कमळ. सत्तावीस जणांना पटलं, त्यात एक इंजिनिअर आणि दोन मास्तर होते, मी पण अंगठा दिला कारण काकांशी वाद कोण घालणार.

फक्त एक धोका आहे, एखादा शहाणा येऊन सांगेल की शब्द फारसीतून आलाय आणि मुळात त्याचा अर्थ दगड आहे. हो, दगड! अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, 'अस्मन्' म्हणजे दगडही आणि आकाशही, जुन्या इराणी लोकांना आकाश म्हणजे डोक्यावरचा दगडी घुमट वाटायचा म्हणे. संस्कृतातला 'अश्मन्' त्याचाच सख्खा भाऊ, आपलं अश्मयुग त्यातलंच, आणि तिकडे लिथुआनियात दगडाला आजही 'अक्मुओ' म्हणतात, तोही याच खानदानातला. इराणच्या दारियस राजानं अडीच हजार वर्षांपूर्वी तिथल्याच नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर कोरून ठेवलंय की अहुरमज्दा देवानं ही भूमी केली, ते अस्मान केलं. म्हणजे दगडावर दगड कोरलाय बघा. एकाच घरातले दोघं, एक संस्कृतच्या दारानं मराठीत आला, दुसरा फारसीच्या, आणि आपण एकाला पाट मांडतो नि दुसऱ्याला परका म्हणून उंबऱ्यावरच उभं करतो.

पण हे असलं ग्रुपवर टाकू नका हां, कमळ मिळत नाही. त्यापेक्षा ठोकून द्या, "फारसीनं संस्कृतातून चोरला!" दोन्ही भाषा बहिणी आहेत, कुणी कुणाची आई नाही, वगैरे सांगायला लागलात की लोक म्यूट करतात. अस्मानी-सुलतानी, अस्मान दाखवणं हे सगळं फारसी शब्दावर उभंय हेही बोलू नका, शुद्ध मराठीवाले पैलवान प्रतिस्पर्ध्याला मग काय दाखवणार, नभोमंडल?

एवढं करूनही एखादी चिकट मावशी विचारेलच, "अरे, मग आभाळ कुठून आलं?" ते 'अभ्र'वरून, म्हणजे ढगावरून. पण तिला हे सांगायचं नाही. आ + भाळ, देवाचं कपाळ, असं टाइप करून ठेवा आणि उद्या सकाळी साडेसहाला पाठवा, कमळासकट.