फिनलंडमध्ये म्हणे सहा महिने रात्र!

मावशीने पाठवलेला फॉरवर्ड नंतर मला आणखी तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: फिनलंडला हिवाळ्यात सहा महिने रात्र असते, उणे पन्नासात घराबाहेर पडता येत नाही, सगळं बंद असतं. जायचंच असेल तर डिसेंबरात लॅपलंडला, म्हणजे देशाच्या उत्तर भागात जा, तेव्हा नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशात दिसणारे रंगीत प्रकाशपट्टे) रोज दिसतात. थंडी वाजली तर दोन घोट ब्रँडी घ्या. फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातला हा माझा पाचवा हिवाळा, तेव्हा एकेक बघू.

सहा महिन्यांची रात्र उत्तर ध्रुवावर. हेलसिंकीत वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीही पावणेसहा तासांहून थोडा जास्त वेळ सूर्य वर असतो. पार उत्तरेला, उत्स्योकीत, नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही, हे खरं. याला इथे 'कामोस' म्हणतात. पण भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम तीन-साडेतीन अंश खाली असतो. म्हणजे आपल्याकडे झुंजुमुंजू होतं तसला उजेड, फक्त तो काही तास रेंगाळतो आणि बर्फावर निळा होऊन पसरतो.

उणे पन्नास? देशाचा नीचांक उणे ५१.५, कित्तिला भागातल्या पोक्का गावात, २८ जानेवारी १९९९ रोजी. म्हणून तर तो विक्रम. लॅपलंडमधल्या रोवानिएमी शहरात जानेवारीची सरासरी उणे १० ते १२च्या आसपास असते. उणे २०ला नाकातले केस ताठ होतात, पापण्यांवर पांढरं साचतं, पायाखाली बर्फ करकरतो. पण शाळा भरतात, आणि थंडी फार नसली की तान्ही बाळं दुपारी बाबागाडीत बाहेर झोपवतात. (हे सांगितल्यावर आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती.)

पाहुणे गारठतात ते बहुतेकदा कपड्यांमुळे. अंगालगत सुती बनियन, तो घामाने ओला, मग गारेगार. बुटात दोन जोड मोजे कोंबले की रक्त खेळायला जागा नाही आणि बोटं आणखी बधिर. आत लोकर, वर वारा अडवणारं जाकीट, बूट एक नंबर मोठा. घरात, दुकानात, ट्रेनमध्ये २० अंशांच्या वर असतं, तेव्हा वरचे थर पटकन उतरवता आले पाहिजेत.

ब्रँडीने ऊब येत नाही, आल्यासारखी वाटते. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते.

'सगळं बंद' यात थोडं तथ्य आहे. २४ डिसेंबरला दुपारी १२ वाजता तुर्कूत नाताळच्या शांततेची घोषणा होते आणि मग देश खरोखरच घरात जाऊन बसतो. बसही कमी. पण ते दोन दिवस. एरवी हेलसिंकीहून रोवानिएमीची रात्रीची गाडी धावते, आणि आमच्या गावातलं १९०६पासूनचं राजापोर्त्ती सार्वजनिक सौना (गरम वाफेचं स्नानगृह) हिवाळ्यातही तापतं.

आता डिसेंबर. नॉर्दर्न लाइट्सना अंधार लागतो, तसंच निरभ्र आकाशही लागतं, आणि सुरुवातीचा हिवाळा इथे ढगांचा. शिवाय सूर्याकडून येणाऱ्या कणांना आपलं कॅलेंडर ठाऊक नसतं. रोज दिसण्याची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. दिसले तरी ते बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांना राखाडी-हिरवट धुरासारखे वाटतात, फोटोतला झगझगीत हिरवा कॅमेऱ्याचा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी सौरवाऱ्याची गाठ विषुवदिनांच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या मार्च आणि सप्टेंबरातल्या दिवसांच्या) आसपास जास्त जमते, म्हणून मार्च बरा. तेव्हा लॅपलंडमध्ये बर्फाचा थर वर्षातला सगळ्यात जाड, दिवस १२ तासांचा, रात्रही पुरेशी काळी. डिसेंबरात रोवानिएमीला सांताक्लॉजसाठी उसळणारी गर्दी आणि चढे दरही ओसरलेले.

मावशीला मार्चची तिकिटं काढायला सांगितलीत. गॉगल आण म्हटलं, तर हसली.