टेपला ऊन लागंल

परभणीत मे महिन्यात पारा 43 च्या पुढं सरकला की आमच्या घरात सगळ्यात आधी टेप हलवला जातो. "खिडकीपाशी कामून ठेवलास रे? टेपला ऊन लागंल," असं अण्णा म्हणतात आणि कूलरसमोरची माझी जागा टेपला मिळते. मला ऊन लागलं तर कांदा आहे.

हा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकाच डब्यात, 1992 सालचा. त्या वर्षी कापसाची पट्टी हातात पडल्यावर अण्णांनी तो नांदेडहून आणला. दोन बाजूंना स्पीकर, मधोमध कॅसेटचं दार, वर दांडी, पाठीमागं आठ मोठे सेल. गावातलं घर माळवदाचं. माळवदाखाली गार वाटतं हे खरं, पण वरून उंदीर पळाला की खाली माती झडते. म्हणून टेपवर आधी दस्ती, दस्तीवर आईनं शिवलेलं कव्हर, कव्हरवर प्लास्टिक. एवढं सगळं उतरवेपर्यंत गाणं ऐकायची हौस फिटलेली असे. मग पुन्हा घड्या.

लाइट गेली की जो टेपच्या जवळ असेल त्यानं अंधारात धावत जाऊन आधी स्टॉपचं बटन दाबायचं आणि मग कंदील शोधायचा, हा घरचा कायदा. प्लेचं बटन दाबलेलं राहिलं तर आतलं रबरी चाक फितीला चिकटून बसतं, त्याला खळगी पडते आणि पुढं प्रत्येक गाणं डुगडुगत वाजतं. शास्त्र बरोबर होतं. पण भारनियमनाच्या दिवसांत लाइट जेवढी असायची त्याहून जास्त जायची. अशाच एका धावपळीत काकूंचा अंगठा उंबऱ्यावर ठेचला. अण्णांनी बाजेवरूनच विचारलं, "दाबलं का?" काकू विव्हळत म्हणाल्या, "नका हो भाऊजी, हात लावला तरी दुखायलंय."

लाइट नसताना सेल. पण आठ मोठे सेल घालायचे म्हणजे मास्तराच्या पगाराला भोक. ते उतरले की आई पापडाशेजारी ते उन्हात वाळवायची. ऊब मिळाली की सेलच्या आतली रासायनिक क्रिया जरा वेग धरते आणि दोन-तीन गाणी निघतात. तिसऱ्या गाण्याला बाईचा आवाज हळूहळू बाप्याचा व्हायचा. एका पावसाळ्यात सेल तसेच आत विसरले, त्यांनी पाणी सोडलं आणि स्प्रिंगा हिरव्या पडल्या. त्या दिवशी घरात चूल पेटली, पण कुणी कुणाशी बोललं नाही.

खरी सेवा हेडची, म्हणजे फितीवरचं गाणं वाचणाऱ्या भागाची. फितीवरचा तपकिरी थर लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणजे गंजाचाच भाऊबंद. त्याची भुकटी हेडवर बसली की गाणारा माणूस गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटतं. उपाय सोपा आहे: स्पिरिट आणि कापूस. आता घरात दहा क्विंटल कापूस रचलेला असताना औषधाच्या दुकानातून पुडी विकत आणणं अण्णांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. त्यांनी रानातला बोंडातला कापूस घेतला. त्याचे तंतू चाकाला गुंडाळले गेले, सरकीचा एक तुकडा आत कुठंतरी जाऊन बसला, आणि टेपनं सलग चार कॅसेट खाल्ल्या. बसस्टँडमागच्या मिस्त्रीनं मागचं झाकण उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, इसमें तो पूरा खेत है."

साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळपास नव्वद मीटर फीत असते, हे मला पुस्तकातून नाही, अंगणातून कळलं. गुंतलेली फीत सोडवायला आम्ही ती पारावरच्या लिंबापर्यंत नेली होती. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शेळी. नंतर पेन्सिलीनं तास-तासभर गुंडाळणं. पेन्सिल सहा कडांची हवी, गोल पेन्सिल नुसतीच फिरते. माझं अक्षर इतकं वाईट का, याचं उत्तर आमच्या घरातल्या पेन्सिली कुठं खर्च झाल्या यात आहे.

हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की हेडचा तिरपेपणा बदलतो. अण्णांनी तो 'अंदाजानं' फिरवला. तेव्हापासून आमच्या टेपवर भरलेली कॅसेट आमच्याच टेपवर नीट वाजायची. शेजाऱ्याकडं नेली की गाणाऱ्याला सर्दी. अण्णा यावर बेहद्द खूश होते. कॅसेट मागायला कुणी येईना.

पुढं 2003 मध्ये मी वर सीडीचं झाकण असलेला नवा डबा घेतला. अण्णांनी सीडी हातात घेतली, चकचकीत बाजू बघितली, दस्ती काढली आणि आई पितळी ताट घासते तशी गोल-गोल पुसली. पुसायची असते मधून कडेकडं सरळ. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरच लांबलचक पडतो आणि गाणं एका शब्दावर अडून बसतं. शिवाय ते चकचकीत बाजू जपायची म्हणून सीडी छापील बाजूवर पालथी ठेवत. आता खरी नाजूक बाजू ती छापलेलीच. चंदेरी थर तिच्या लगेच खाली असतो, चकचकीत बाजूला निदान मिलिमीटरभर जाड प्लास्टिक आडवं असतं. हे मी समजावून सांगितलं. अण्णा म्हणाले, "कॅसेट पेन्सिलीनं दुरुस्त होती. ह्याला काय लावायचं, खोडरबर?" मी गप्प बसलो.

आता एका कॅसेटची गोष्ट. 1994 साली गावच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन अण्णांनी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतलं. टेप महाराजांपासून हातभर अंतरावर, टेपला लागून अण्णा. महाराज तीन सुनांची गोष्ट सांगत होते. सासूनं तिघींना एकच प्रश्न विचारला. पहिली सून काय म्हणाली ते आहे. दुसरी काय म्हणाली तेही आहे. "आणि तिसरी सून काय म्हणाली असंल, माउली? तिसरी सून म्हणाली..." खट्. पंचेचाळीस मिनिटं संपली. अण्णांनी चपळाईनं बाजू पालटली, पण कॅसेटच्या तोंडाला काही सेकंदांची कोरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. दुसरी बाजू सुरू होते ती अख्खा मंडप हसतोय तिथून. टाळकरी हसतायत, बायका हसतायत, कुणीतरी खोकेपर्यंत हसतंय.

अण्णा स्वतः तिथं होते. पण त्यांना विचारून उपयोग नाही. "मी कॅसेट पालटायलो होतो," एवढंच ते सांगतात. तीस वर्षांत घरातल्या प्रत्येकानं तिसऱ्या सुनेच्या तोंडी आपापलं उत्तर घालून पाहिलं. माझ्या बायकोचं सगळ्यात चांगलं होतं, पण ते आईसमोर सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात लग्नाच्या निमित्तानं गावी गेलो, तर त्या सप्ताहात टाळ धरलेले एक आबा पारावर भेटले. ऐंशी ओलांडलेले, पण खणखणीत. मी पाया पडलो आणि थेट विचारलं, "आबा, ती तिसरी सून काय म्हणाली होती?"

आबांचे डोळे चमकले. "आरं, लई हसलो होतो बघ त्या दिवशी! पोट दुखूस्तोवर. काय बरं म्हणाली..." डोक्यावरचा पटका सारखा करून त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण तुला कशाची काळजी? तुमच्याकडं कॅसेट हाय की."