आयपीव्ही६ची सक्ती करा, आणि या वेळी खरी करा

राजेहो, पीकविम्याची मुदत संपत आली की माझ्या ऑनलाइन अर्ज भरायच्या केंद्रातल्या स्क्रीनवर हमखास ही ओळ येते: तुमच्या आयपीवरून खूप विनंत्या आल्या आहेत, नंतर प्रयत्न करा. दारात माणसं ताटकळत उभी. कोणी कपाशीची डवरणी सोडून आलेलं, कोणी मजुरी पाडून. त्यांना काय सांगू? आयपी म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, अन् एवढ्या विनंत्या मी केल्याच नाहीत! त्या केल्या आमच्या केबलवाल्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून. त्याच्याकडे पत्ते कमी, म्हणून तो कितीतरी घरं एकाच सार्वजनिक आयपीमागे कोंबतो. सगळ्या गावाचा एकच सातबारा करावा आणि एकाचं कर्ज थकलं की सगळ्यांचं अडवावं, तसं हे. विचारलं तर म्हणतो, स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमचा एकट्याचा कायमचा पत्ता घ्या, त्याचे पैसे वेगळे. काऊन द्यायचे?

पत्ते देण्याची जुनी पद्धत आयपीव्ही४, तिचे पत्तेच साधारण ४३० कोटी. जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. त्यावरचा उपाय, भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत आयपीव्ही६, १९९५ पासून कागदावर तयार आहे. मोबाईल कंपन्यांनी तो गरजेपोटी उचलला, माझ्या फोनवरही आहे. पण फायदा काय? ज्या सरकारी पोर्टललाच आयपीव्ही६चा पत्ता नाही, तिथे फोनवरूनही शेवटी वाटून घेतलेल्या जुन्याच पत्त्याने जावं लागतं. केबलवाला आणि पोर्टल, ही दोन्ही टोकं बदलल्याशिवाय हे सुटत नाही, अन् दोघंही एकमेकांची वाट पाहत बसलेत. बाजार काय ते ठरवेल म्हणणाऱ्यांनी आमच्या गावात येऊन पाहावं. तारेचं इंटरनेट देणारा इथे एकच आहे. त्याला सोडून जायचं कुठे?

बरं, सरकारने कधी काही ठरवलंच नाही असंही नाही. दूरसंचार विभागाच्या २०१३ च्या आराखड्यात सरकारी संस्थांना आयपीव्ही६वर जायला डिसेंबर २०१७ ची मुदत होती. ती सरकत सरकत जून २०२२ वर गेली. तारेच्या नव्या जोडण्यांचं २०१४ होतं, त्याचं २०२२ झालं. शेतकऱ्याची मुदत चुकली की अर्ज बाद, यांची चुकली की नवी तारीख!

दंड लावा. छोट्या केबलवाल्याला राउटर बदलणं झेपत नसेल तर अनुदान द्या, माझी काही हरकत नाही. पण आयपीव्ही६ नसलेलं एकही नवं सरकारी पोर्टल सुरू होऊ देऊ नका, आणि ते बनवणाऱ्या ठेकेदाराचं बिल तोवर काढू नका.