फुकट विजेवर पिवळा बल्ब? आधी लाईट बिल बघा की!

‘गृहज्योतीत वीज फुकट आहे, मग शंभर रुपयांचा एलईडी कशाला? पंधरा रुपयांचा पिवळा बल्ब लावा. एलईडी चार महिन्यांत जातो, त्यात पारा असतो, वर डोळे खराब होतात.’ निपाणीपासून खानापूरपर्यंत गल्लीगल्लीच्या ग्रुपवर सध्या हा मेसेज फिरतोय.

सगळी गोम त्या ‘फुकट’मध्येच आहे. कर्नाटक सरकारने 2023 मध्ये घरगुती विजेसाठी ही गृहज्योती योजना आणली, तेव्हा महिन्याला 200 युनिट सरसकट फुकट कुणालाच दिले नाहीत. 2022-23 सालात तुमचा जो सरासरी वापर होता, त्यावर थोडी वाढ धरून प्रत्येक मीटरचा वाटा ठरला. वाट्याच्या वर गेलात की वरच्या युनिटांचे पैसे, आणि 200 ओलांडले की अख्खं बिल तुमच्या गळ्यात.

आता हिशेब करा. 60 वॅटचा एक बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला 9 युनिट होतात. तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. सोपा, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पडवी असे चार बल्ब बदलले की महिन्याला तीस युनिटांचा फरक पडतो. सरासरी निघाली तेव्हा ज्यांच्या घरी एलईडीच होते, त्यांनी हा मेसेज ऐकला तर वाटा ओलांडलाच म्हणून समजा. देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा झिरो नसतो, बरं का. जुन्या पद्धतीचा असेल तर पंधरा वॅटच्या आसपास खातो, आणि तो जळतो रात्रभर!

किमतीसाठी मेसेजमधलेच भाव धरू. तारेचा पिवळा बल्ब साधारण हजार तास चालतो, बरा एलईडी पंधरा हजार. तेवढ्या काळात पंधरा बल्ब लागतील, म्हणजे सव्वादोनशे रुपये. वीज धरलीच नाही अजून.

‘चार महिन्यांत जातो’ हे मात्र अगदीच खोटं नाही. आतले दिवे सहसा जात नाहीत, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे बुडाशी बसवलेलं छोटं सर्किट. त्याला उष्णता सोसत नाही. बंद काचेच्या गोळ्यात एलईडी कोंबला की त्याचं आयुष्य घटतं. पावसाळ्यात लाईट जाऊन एकदम जोरात आली तरी तोच दगावतो. म्हणून खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक बघा, गॅरंटीचं बिल जपून ठेवा आणि रस्त्यावरचे तीस रुपयेवाले घेऊ नका.

पारा असतो सीएफएलमध्ये, म्हणजे त्या वळलेल्या नळीच्या बल्बमध्ये. एलईडीत तो नसतोच. विषय संपला.

डोळ्यांचं म्हणाल, तर 6500 केल्विनचा पांढराफेक प्रकाश रात्री खुपतो हे मान्य. (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा.) मग 2700 ते 3000 केल्विनचा घ्या, जुन्या बल्बसारखाच पिवळसर असतो. स्वस्तातला एलईडी थरथरतो, त्यानेही त्रास होतो. मोबाईलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे ठळक सरकताना दिसले तर तो बल्ब अभ्यासाच्या टेबलावर नको.

पिवळ्या बल्बला एक जागा मात्र मी देईन. त्याच्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत जातो, आणि कोंबडीच्या पिल्लांना ऊबच लागते. खुराड्यात तो खुशाल लावा.