‘कमी वयात बाळंतपण सोपं जातं’ हा मेसेज साफ चुकीचा आहे
व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की मुलीला पाळी आली म्हणजे शरीर आई व्हायला तयार, आणि हाडं कोवळी असतात म्हणून लवकर लग्न केलं की बाळंतपण सोपं जातं. वाचून खरंच राग आला, कारण असलं वाचून कोणीतरी पोरीचं लग्न ठरवतं.

पाळी येणं हा वाढीचा मधला टप्पा आहे, शेवट नाही. त्यानंतरही उंची वाढते आणि कमरेची हाडं, ज्यातून बाळ बाहेर यायचं असतं, ती तर त्याहून उशिरापर्यंत रुंद होत राहतात. वाट अरुंद असली की बाळाचं डोकं अडकतं, कळा दोन-दोन दिवस चालतात, वेळेवर सिझेरियन झालं नाही तर दाबाने आतला भाग मरतो, भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. याला फिस्टुला म्हणतात. ऑपरेशनने बऱ्याचदा बरा होतो, पण तोवर कपडे ओले होतात म्हणून ती पोर चारचौघांत बसणंच बंद करते.

जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की 10 ते 19 वयाच्या आयांना 20 ते 24 वाल्यांपेक्षा झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतर इन्फेक्शनचा धोका जास्त, बाळंही कमी वजनाची, दिवस भरायच्या आधी होण्याची शक्यता जास्त.

‘आमच्या आजीला तर काही झालं नाही’ असं म्हणणारे भेटतात, पण बाळंतपणात गेलेल्या मुली आजी झाल्याच नाहीत ना. तो मेसेज ज्या ग्रुपवर दिसेल तिथेच हे टाका प्लीज.