लुई कान ‘पन्नाशीपर्यंत कुणीच नव्हते’? खोटं आहे

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान पन्नाशीपर्यंत कुणीच नव्हते. काम मिळेना म्हणून मास्तरकी करत होते. मग एकाएकी, एकट्याच्या प्रतिभेवर त्यांनी थोर इमारती उभारल्या. आणि शेवटी न्यूयॉर्कच्या स्टेशनवर कंगाल, बेवारस मेले. तात्पर्य काय, तर धीर धरा, तुमचीही वेळ येईल. खचलेल्या पोरांना उभारी द्यावी, जरूर द्यावी. पण त्यासाठी एका माणसाची पंचवीस वर्षांची मेहनत पुसून टाकलेली मला सहन होत नाही.

‘पन्नाशीपर्यंत कुणीच नव्हते.’ कान १९०१ साली एस्टोनियात जन्मले आणि लहानपणीच फिलाडेल्फियात आले. १९२४ साली तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पदवी घेतली. १९२६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दीडशे वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात भलं मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या इमारतींच्या डिझाइनची मुख्य जबाबदारी या पंचविशीतल्या पोराकडे होती. पुढे महामंदी आली, नोकऱ्या गेल्या. तेव्हा कान यांनी बेकार आर्किटेक्ट आणि इंजिनिअर गोळा करून एक अभ्यासगट काढला आणि झोपडपट्ट्या, स्वस्त घरं हे विषय हाती घेतले. त्यातूनच पुढे न्यू जर्सीतल्या कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या वसाहतीचं काम आलं, आणि दुसऱ्या महायुद्धात पेनसिल्व्हेनियातल्या कोट्सव्हिलमध्ये कृष्णवर्णीय पोलाद कामगारांसाठी ‘कार्व्हर कोर्ट’ ही वसाहत उभी राहिली. आर्किटेक्ट ऑस्कर स्टोनोरोव्ह यांच्या जोडीनं त्यांनी सामान्य नागरिकांना नगररचना समजावणाऱ्या पुस्तिकाही लिहिल्या. नाव झालं नव्हतं, हे खरं. त्या कठीण वर्षांत घर बऱ्याच अंशी पत्नी एस्थर यांच्या पगारावर चाललं, हेही खरं, आणि फिरणाऱ्या मजकुरात त्यांचं नाव कधीच नसतं. पण कामगारांची घरं बांधणाऱ्याला ‘कुणीच नाही’ म्हणायचं असेल, तर आपण आर्किटेक्ट कशाला म्हणतो?

‘काम मिळेना म्हणून शिकवत होते.’ हा आरोप सर्वांत चुकीचा आहे. १९४७ साली कान येल विद्यापीठात शिकवायला लागले, त्या सुमारास त्यांच्याकडे घरांची कामं होती, फिलाडेल्फियातल्या मनोरुग्णालयाचं काम होतं. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते शिकवू लागले आणि १९७४ साली मरेपर्यंत त्यांनी वर्ग सोडला नाही. कॅलिफोर्नियातली साल्क इन्स्टिट्यूट, ढाक्याचं संसद भवन, अहमदाबादचं आयआयएम, टेक्सासमधलं किंबेल संग्रहालय अशी कामं हातात होती, तरीही. नाइलाजानं शिकवणारा माणूस यातलं पहिलं काम मिळताच राजीनामा देतो.

उलट, शिकवण्यातूनच काम आलं. त्यांना वळण देणारी पहिली मोठी इमारत म्हणजे येलचीच आर्ट गॅलरी, १९५१ ते ५३ मधली. ते काम मिळालं ते येलमधल्या अध्यापनामुळे आणि तिथले विभागप्रमुख, जुने भागीदार जॉर्ज हाऊ यांच्यामुळे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला त्यांचा स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा वर्ग, तर तीन शिक्षकांचा होता: कान, रचनाशास्त्राचे जाणकार रोबेर ल रिकोले आणि आर्किटेक्ट नॉर्मन राइस. तिथे खोल्या किती आणि जिने कुठे, यापासून सुरुवात होत नसे. शाळा म्हणजे मुळात काय, विटेला काय व्हायचंय, हे आधी विचारलं जाई. मुख्य जागा आणि त्यांची सेवा करणाऱ्या जागा (जिने, स्वच्छतागृहं, साठवण) वेगळ्या ओळखायच्या, हा त्यांचा विचार न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या, पोहण्याच्या तलावासाठी बांधलेल्या साध्याशा स्नानगृहात १९५५ साली स्पष्ट दिसतो. अशा विचारांना वर्षानुवर्षं मुलांसमोर बोलून, खोडून, पुन्हा मांडून धार येते. कान यांच्या बाबतीत वर्ग आणि ड्राइंग बोर्ड वेगळे काढताच येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

‘कंगाल आणि बेवारस मेले.’ १७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकारानं त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांचा निरोप घरी पोचायला उशीर झाला, ही दिरंगाई होती. त्यांना कुणी नव्हतं असं नव्हे. कार्यालयावर मोठं कर्ज होतं, हे खरं. पण मृत्यूच्या आधीच्या तीन वर्षांत अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या संस्थांची सुवर्णपदकं त्यांना मिळाली होती, आणि त्यांची रेखाचित्रं पुढे पेनसिल्व्हेनिया राज्यानं विकत घेतली.

‘एकट्याच्या प्रतिभेवर.’ येल गॅलरीच्या त्रिकोणी जाळीच्या छतामागे त्यांच्या सहकारी आर्किटेक्ट ॲन टिंग यांचा भूमितीचा ध्यास आहे. किंबेलच्या कमानदार छतांचं गणित इंजिनिअर ऑगस्ट कोमेंडंट यांनी बसवलं. ढाक्याला कान यांना आणण्यात तिथले आर्किटेक्ट मजहरुल इस्लाम यांचा वाटा मोठा, आणि अहमदाबादला आणलं ते पुण्यात जन्मलेल्या, जे.जे.त शिकलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी. मुंबईचे आर्किटेक्ट अनंत राजे आधी कान यांच्या फिलाडेल्फियाच्या कार्यालयात राबले आणि नंतर आयआयएमच्या आवाराचं उरलेलं काम त्यांनी वर्षानुवर्षं निभावलं. ढाक्याचं संसद भवन पूर्ण झालं १९८० च्या दशकात, कान गेल्यानंतर, आणि ते तडीस नेलं डेव्हिड विज्डम आणि जुन्या सहकाऱ्यांनी. पुढच्या वेळी तो मजकूर पाठवणाऱ्यांनी ही नावंही त्यात लिहावीत.